रंगपटातला रोजगार: संगीत महोत्सवात पडद्यामागच्या मुलाखती आणि पोर्ट्रेट



सातारा-सांगली भागातून एक प्रश्न सतत येतो. "सर, माझ्याकडे कॅमेरा आहे, लग्नाच्या ऑर्डर करतो. पण सीझन संपला की कॅमेरा कपाटात जातो आणि हप्ता मात्र सुरूच राहतो. दुसरं काय करता येईल?"

याचं एक उत्तर आपल्याच दोन जिल्ह्यांत पडून आहे. संगीत महोत्सव, उरूस, जत्रा. तिथे स्टेजसमोर आता शंभर मोबाइल वर असतात, म्हणजे स्टेजचा फोटो फुकट झाला. पण पडद्यामागे, ज्याला नाटकवाले रंगपट म्हणतात आणि आपण ग्रीन रूम म्हणतो, तिथे फार थोड्यांना जाता येतं. तानपुरा जुळवणारे हात, पहिल्यांदा मोठ्या मंचावर बसणाऱ्या तबलजीचा चेहरा, कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना सुचलेली एखादी आठवण, हे तिथेच मिळतं.

हा व्यवसाय कसा उभा करायचा, पैसे कोण देतं आणि एका चुकीच्या रीलमुळे तो कसा बंद पडू शकतो, हे आज नीट समजून घेऊ. एक गोष्ट आधीच सांगतो. यात तुम्ही विकता तो फोटो. पण तो फोटो मिळतो आत घेतलं जातं म्हणून, आणि पुन्हा आत घ्यायचं की नाही हे दर वेळी दुसरं कोणीतरी ठरवतं. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

आपल्या दारातली बाजारपेठ

साताऱ्यापासून सुरुवात करू. खटाव तालुक्यातलं औंध. पंतप्रतिनिधींचं संस्थान, यमाईचा डोंगर आणि भवानी चित्रसंग्रहालय यांसाठी आपण ते ओळखतो. याच औंधमध्ये पं. अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 साली संगीत महोत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव पं. गजाननबुवा जोशी, गायक आणि व्हायोलिनवादक, यांनी तो पुढे चालवला. शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठानतर्फे तो आजही होतो. गावात येऊन देशातले नामवंत कलाकार गातात-वाजवतात आणि गावातली माणसं मांडी घालून ऐकतात.

आता सांगली जिल्ह्यातली मिरज. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथे राहिले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेत, ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. कलाकार तिथे हजेरी लावायला येतात, सेवा म्हणून गातात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव ज्यांच्या नावाने चालतो ते सवाई गंधर्व या खाँसाहेबांचेच शिष्य. म्हणजे ज्या पुण्याच्या महोत्सवाकडे आपण मान वर करून बघतो, त्याचं एक मूळ मिरजेत आहे.

मिरजेची दुसरी ओळख तंतुवाद्यांची. सतारमेकर मंडळी इथे पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तानपुरे घडवतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

तिसरी गोष्ट तमाशा. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. काळू-बाळूंचा तमाशा सांगलीजवळच्या कवलापूरचा. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतात आणि जत्रांच्या दिवसांत आपल्या गावागावांत राहुट्या लागतात. तिथेही कलाकार आहेत, ढोलकीवाले आहेत, गाणाऱ्या बायका आहेत. त्यांचा चांगला, मानाने काढलेला फोटो बहुतेक वेळा कोणाकडेच नसतो.

महोत्सव, वाद्यं आणि फड. गाडीत पेट्रोल टाकून दिवसभरात जाऊन येता येईल, एवढ्या अंतरावर हे सगळं आहे.

आधी हे कोणी केलंय का?

केलंय, आणि मराठी माणसांनीच केलंय. दोन नावं लक्षात ठेवा.

पुण्याचे छायाचित्रकार सतीश पाकणीकर. शास्त्रीय संगीतातल्या कलाकारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. उद्योजक म्हणून त्यांच्याकडून शिकायचं ते हे: त्यांनी फोटो कपाटात ठेवले नाहीत. त्यांची प्रदर्शनं केली, एकेक विषय घेऊन थीम कॅलेंडर काढली, त्या कलाकारांबद्दल लेखन केलं. एकदा काढलेला फोटो पुढे अनेक वर्षं वेगवेगळ्या रूपात उपयोगी पडतो.

दुसरे संदेश भंडारे. 'तमाशा: एक रांगडी गंमत' हे त्यांचं छायाचित्रांचं पुस्तक. एका रात्रीत जाऊन, चार फोटो मारून असं काम होत नाही. फडाबरोबर फिरावं लागतं, लोकांनी तुम्हाला विसरून आपापल्या कामाला लागेपर्यंत थांबावं लागतं.

आणि मुलाखतीचं म्हणाल, तर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात 'अंतरंग' नावाचा कार्यक्रमच असतो. त्यात कलाकारांशी गप्पा होतात आणि त्या ऐकायला रसिक सकाळी मुद्दाम येतात. गाण्याइतकीच गाण्यामागची गोष्टही लोकांना हवी असते, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

पैसे कोण देणार?

इथे बहुतेक जण चुकतात. त्यांना वाटतं, मोठ्या कलाकाराचा फोटो काढू, तो खूश होईल आणि पैसे देईल. तसं होत नाही. मोठ्या कलाकाराकडे फोटो आहेत, त्याची टीम आहे. त्याच्यासोबत तुमचं काम झालं तर नाव होईल. धंदा मात्र चार वेगळ्या गिऱ्हाइकांकडे आहे.

1. आयोजक. त्यांना पुढच्या वर्षीसाठी प्रायोजक शोधायचे असतात. प्रायोजकाकडे नुसतं निवेदन घेऊन जाण्यापेक्षा तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला तर बोलणं सोपं होतं. शिवाय स्मरणिका असते, सोशल मीडिया असतं. आयोजक दर वर्षी तोच असतो, म्हणजे हे परत येणारं गिऱ्हाईक आहे.

2. साथीदार आणि तरुण कलाकार. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित बाजारपेठ ही आहे. तबला, पेटी, तानपुऱ्यावर बसलेले शिष्य. स्टेजवरच्या शंभर फोटोंपैकी नव्वद मुख्य कलाकाराचे असतात आणि साथीदार फ्रेमच्या कडेला अर्धा कापलेला असतो. त्यालाही कार्यक्रम मिळवायचे असतात, त्यालाही शिकवणीच्या जाहिरातीला फोटो लागतो, एक मिनिटाचा ओळख व्हिडिओ लागतो. ईश्वरपूर, कराड, विटा, तासगाव इथल्या पेटीवादकाला पुण्याच्या स्टुडिओत जाणं परवडत नाही. तुम्ही त्याच्यापर्यंत गेलात तर तो तुमचा गिऱ्हाईक आहे.

3. वाद्यकारागीर. मिरजेतल्या तानपुऱ्याला मानांकन मिळालं, पण दूरच्या गिऱ्हाइकाला तो तानपुरा कोणी आणि कसा घडवला हे दिसायला हवं. भोपळा, त्यावरचं कोरीवकाम, जवारी लावताना कान लावून बसलेला कारागीर. आणि त्याच कारागिराचा तानपुरा महोत्सवात एखादा कलाकार जुळवतोय. हे दोन शॉट एका व्हिडिओत आले की कारागिराची जाहिरात आपोआप होते.

4. संगीत क्लास. वार्षिक कार्यक्रम, गुरुपौर्णिमा, परीक्षांचे निकाल. छोटी कामं, पण वर्षभर चालणारी.

दर्ग्यातल्या सभेसारख्या ठिकाणी जिथे कलाकार स्वतःच सेवा म्हणून येतात, तिथे कोटेशन घेऊन जाऊ नका. तिथे परवानगी घ्या, शांतपणे काम करा आणि फोटो आयोजकांना व कलाकारांना भेट द्या. ओळख तिथे होते. व्यवहार नंतर, दुसऱ्या ठिकाणी होतो.

आत कसं जायचं?

कार्यक्रमाच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून "आत जाऊ का?" विचारणाऱ्याला स्वयंसेवक अडवणारच, आणि त्याचं बरोबर आहे. योग्य क्रम असा:

- एक महिना आधी आयोजकांना भेटा. फोन नको, प्रत्यक्ष भेट. सोबत दहा छापील फोटो न्या. सुरुवातीला नसतील तर एखाद्या स्थानिक क्लासच्या कार्यक्रमाचे काढा.
- एक पानी पत्र द्या. तुम्ही काय काढणार, कुठे उभे राहणार, फ्लॅश वापरणार नाही, कलाकाराला दाखवल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा.
- आठवडाभर आधी आयोजकांमार्फत कलाकारांना निरोप जाऊ द्या. कलाकाराचा नंबर परस्पर मिळवून फोन करू नका.
- त्या दिवशी एकच मदतनीस न्या. चार जणांची टीम लहान खोलीत शिरली की कलाकाराला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

आत गेल्यावरचे नियम घरात पाळतो तेच. चप्पल बाहेर. वाद्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ओलांडून जायचं नाही. दर्ग्याच्या आवारात डोकं झाकायचं. संबोधन चुकवू नका. पंडितजी, बुवा, खाँसाहेब, ताई, काय म्हणायचं ते आयोजकांना आधी विचारा. फडावर गेलात तर आधी फडमालकाला भेटा, मग बाकीच्यांना.

आणि वेळ ओळखा. कार्यक्रमाआधीच्या अर्ध्या तासात प्रश्न विचारायचे नाहीत. कलाकार गप्प बसलेला दिसला तरी तो मनात गात असतो. त्या वेळी लांबून फोटो चालतील, तेही परवानगी असेल तरच. मुलाखतीला चांगल्या वेळा दोन: दुपारी, कलाकार मुक्कामी पोचून जेवण-विश्रांती झाल्यावर, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी. कार्यक्रम संपल्यावर लोक पाया पडायला गर्दी करतात. ती ओसरल्यावर फार तर दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत कलाकार मोकळा असतो, पण दमलेलाही असतो. दोनच प्रश्न विचारा.

पोर्ट्रेट: एक खिडकी, एक लेन्स

आपल्याकडची ग्रीन रूम म्हणजे बऱ्याचदा शाळेचा वर्ग, मंदिराची ओवरी नाहीतर कनात लावलेला कोपरा. वर एक ट्यूबलाइट. घाबरू नका.

50 एमएमची एफ 1.8 लेन्स घ्या. कमी उजेडात ती काम करते आणि मोठ्या लेन्सपेक्षा खूप स्वस्त असते. शटर साधारण 1/125 च्या खाली नेऊ नका, कारण बोलताना माणसाचे हात हलतात. आयएसओ वाढला तरी चालेल. थोडे दाणे दिसलेले फोटो लोक घरात लावतात, हललेले लावत नाहीत. कॅमेऱ्यात सायलेंट शटर असेल तर तेच वापरा. पण ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली सायलेंट शटरने फोटोवर काळे पट्टे येऊ शकतात, म्हणून आधी दोन फोटो काढून तपासा.

दिवसा खिडकी शोधा. माणसाला खिडकीकडे तोंड करून नको, थोडं तिरकं बसवा. संध्याकाळी एक छोटा एलईडी लाइट पांढऱ्या भिंतीवर मारा, म्हणजे उजेड मऊ होऊन परत येतो. चेहऱ्यावर थेट मारू नका.

"स्माइल प्लीज" म्हणू नका. तानपुरा जुळवायला घेतला की माणूस आपोआप सुंदर दिसतो. मान तिरकी होते, डोळे मिटतात, कान तारेकडे जातो. तबलजी हातोडीने तबला लावतो तेव्हाही तसंच. तुम्ही फक्त आधी जागा पकडून शांत बसा. प्रत्येक माणसाचे तीन फोटो ठरवून काढा: चेहरा, हात आणि वाद्यासह पूर्ण माणूस. वेळ उरला तर चौथा, गुरू-शिष्य किंवा कलाकार आणि त्याच्यासोबत आलेलं कुटुंब. हा चौथा फोटो लोक सगळ्यात जास्त जपतात.

मुलाखत: आधी आवाज, मग चित्र

प्रेक्षक थोडं अंधारं चित्र चालवून घेतात, पण खरखरणारा आवाज आला की दहा सेकंदांत निघून जातात. कॉलरला लावायचा माइक हवाच. फॅन बंद करा, जनरेटरच्या विरुद्ध बाजूची खोली मागा. बोलणं सुरू होण्याआधी खोलीतली तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून ठेवा, एडिटिंगमध्ये कट झाकायला ती कामी येते. आणि सोबत मोबाइलवर दुसरं रेकॉर्डिंग चालू ठेवा. ती मुलाखत परत मिळणार नसते.

आता प्रश्न. "तुमच्या यशाचं रहस्य काय?" आणि "तरुणांना काय संदेश द्याल?" हे दोन प्रश्न वहीतून खोडून टाका. त्यांची उत्तरं कलाकाराला पाठ असतात. त्याऐवजी वस्तूपासून सुरू करा.

- हा तानपुरा कोणाच्या हातचा? किती वर्षं तुमच्याकडे आहे?
- गुरुजी रागावून काय म्हणाले होते, जे अजून आठवतं?
- साथीला बसल्यावर मुख्य कलाकाराच्या कोणत्या खुणेवरून पुढचं ओळखता?
- कार्यक्रमाच्या दिवशी काय खात नाही?
- या गावातले श्रोते कसे ऐकतात?

उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात तीन अंक मोजा. बऱ्याचदा माणूस त्या तीन सेकंदांनंतरच खरं बोलायला लागतो.

याचं मोल किती, याचा एकदा विचार करा. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आज आपण ऐकतो तो जुन्या तबकड्यांवर, तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत. तबकडीची मर्यादाच तेवढी होती. आज तुमच्या खिशातल्या फोनला ती मर्यादा नाही. आपल्या तालुक्यातल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या एखाद्या ढोलकीवाल्याशी वीस मिनिटं बोललात, तर पुढे त्याच्या नातवंडांसाठी तेवढंच उरणार आहे.

काय दाखवायचं नाही

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

समजा, एका गायिकेचा आवाज बसलाय. कार्यक्रमाला दोन तास आहेत. ती टॉवेल घेऊन वाफ घेत बसली आहे, डोळ्यांत पाणी आहे. तुम्ही कोपऱ्यात आहात आणि कॅमेरा चालू आहे. फ्रेम सुंदर आहे. ही रील टाकली तर भरपूर व्ह्यूज येतील, हे तुम्हालाही माहीत आहे.

टाकलीत तर काय होईल? "त्यांचा आवाज गेला" ही बातमी फिरेल. पुढच्या महिन्यातला एखादा आयोजक विचारात पडेल. तिचं मानधन, तिच्या तबलजीचं मानधन, सगळं त्यात अडकलंय. तुम्हाला आठवडाभर लाइक मिळतील. आणि पुढच्या वर्षी त्या महोत्सवाच्या दारात स्वयंसेवक तुम्हाला नम्रपणे सांगेल, "आत परवानगी नाही." सातारा-सांगलीचं वर्तुळ लहान आहे. औंधला झालेली गोष्ट मिरजेला पोचायला एक रात्र पुरते.

फडावर तर याहून जास्त काळजी घ्या. राहुटीत बायका मेकअप करतात, कपडे बदलतात, लेकराला पाजतात. तमाशातल्या बाईकडे वाईट नजरेने बघणारे आधीच पुष्कळ आहेत, तुमच्या कॅमेऱ्याने त्यात भर घालू नये. आधी विचारा, ती तयार होऊन बाहेर आल्यावर काढा आणि तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवा. "हा नको" म्हणाली तर तिच्यासमोर डिलीट करा. तो एक डिलीट केलेला फोटो तुम्हाला पुढचे पन्नास मिळवून देईल.

प्रत्येक फोटो आणि क्लिप बाहेर जाण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा:

1. या माणसाला माहीत होतं का की कॅमेरा चालू आहे?
2. हे त्याच्या घरच्यांसमोर मोठ्या पडद्यावर लावलं तर त्याला बरं वाटेल का?
3. यामुळे त्याचं एखादं काम जाऊ शकतं का?

उत्तरात जरा जरी शंका वाटली तरी फाइल बाहेर जात नाही. मानधनावरून आयोजकांशी झालेली बोलाचाली, औषधाच्या गोळ्या, कोणाबद्दल सहज मारलेला टोमणा, हे सगळं यात येतं.

कागदपत्रं आणि कायदा

थोडक्यात, पण वगळू नका.

कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे, कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे आयोजकांचं काम करताना "हे फोटो मला प्रदर्शनात, कॅलेंडरमध्ये वापरता येतील" असं लिहून घेतलं नाही, तर उद्या तुमचेच फोटो तुम्हाला वापरता येणार नाहीत. एक वाक्य लिहून घ्या.

गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणावर वेगळा हक्क आहे. त्यांच्या परवानगीशिवाय कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करून विकणं किंवा प्रसारित करणं चालत नाही, आणि हा हक्क 50 वर्षं टिकतो. म्हणून मुलाखतीची संमती आणि गाण्याच्या रेकॉर्डिंगची संमती वेगवेगळी घ्या. सिनेमाचं किंवा कंपनीने काढलेलं गाणं तुमच्या व्हिडिओत वाजलं तर यूट्यूबवर क्लेम येऊ शकतो, ते वेगळंच.

संमतीपत्र मराठीत, अर्ध्या पानाचं. वाचता न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि तो "हो" म्हणतोय हे रेकॉर्ड करून ठेवा.

व्यवसायासाठी उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सेवा व्यवसायाला साधारणपणे वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही.

हिशेब मांडू

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर टाकून हाच तक्ता पुन्हा करा.

आयोजकांचं एक दिवसाचं काम: 6 मुलाखती आणि 12 पोर्ट्रेट. कोटेशन 18,000 रुपये.

- मदतनीस: 1,200
- प्रवास: 800
- जेवण-चहा: 400
- एडिटिंग, 24 तास, ताशी 250 प्रमाणे: 6,000
- हार्ड डिस्कवरची जागा: 700
- कॅमेऱ्याची झीज: 1,500

एकूण खर्च 10,600. उरले 7,400. तुमचे तीन दिवस गेले: एक तयारीचा, एक कामाचा, एक फोटो निवडण्याचा. म्हणजे दिवसाला साधारण 2,460 रुपये. आता कोणी "8,000 मध्ये करा की" म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर खिशातले 2,600 गेले. बरेच जण फक्त पेट्रोल धरतात आणि एडिटिंगचे तास विसरतात, म्हणून त्यांना वाटतं की 8,000 मध्येही सुटतं.

साथीदार-तरुण कलाकारांचं पॅकेज: 45 मिनिटं, 5 फोटो, एक मिनिटाचा व्हिडिओ, 2,500 रुपये. खर्च 700 धरला तर उरतात 1,800. कारागिराचं अर्ध्या दिवसाचं काम 7,000, खर्च 3,000, उरतात 4,000.

वर्षभरात 6 आयोजक, 30 कलाकार आणि 8 कारागीर मिळाले तर 44,400 अधिक 54,000 अधिक 32,000, म्हणजे 1,30,400 रुपये. महिन्याला 11 हजारांच्या आत. म्हणून स्पष्ट सांगतो, हा पहिल्या वर्षी जोडधंदा आहे. लग्नाच्या ऑर्डर सोडू नका. कॅमेऱ्याचा हप्ता यातून निघेल आणि दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे असा संग्रह तयार होईल, ज्यातून कॅलेंडर, प्रदर्शन, स्मरणिका करता येते. लग्नाच्या फोटोंतून तसा संग्रह होत नाही.

अ‍ॅडव्हान्स निम्मा घ्या. साथीदाराकडून एकदम पैसे निघत नसतील तर दोन हप्त्यांत घ्या, पण फुकट करू नका. एकदा फुकट केलं की तोच तुमचा दर ठरतो.

डिलिव्हरीतच मार्केटिंग आहे

48 तासांच्या आत प्रत्येकाला तीन निवडक फोटो पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोची क्वालिटी जाते. फोटोखाली साथीदारांची नावं बरोबर लिहा. तबलजीचं नाव चुकीचं छापून आलं की त्याला किती लागतं, हे त्यालाच विचारा.

आणि एक छापील फोटो द्या, 8 बाय 12 चा. तो घरी भिंतीवर लागतो, क्लासमध्ये लागतो. येणारा-जाणारा विचारतो, "कोणी काढला?" यापेक्षा स्वस्त जाहिरात नाही.

सगळा डेटा तीन ठिकाणी ठेवा. दोन हार्ड डिस्क आणि एक क्लाउड, आणि दोन्ही डिस्क एकाच घरात नकोत. सांगलीकरांना पुराचं वेगळं सांगायला नको.

या महिन्यात एवढंच करा

- आपल्या तालुक्यातल्या पाच साथीदारांची यादी करा.
- त्यातल्या एकाच्या घरी जा. एक पोर्ट्रेट, एक दहा मिनिटांची मुलाखत. नमुना म्हणून, त्याच्या संमतीने.
- संमतीपत्र मराठीत टाइप करून त्याच्या वीस प्रती काढा.
- जवळच्या एका महोत्सवाच्या आयोजकांना भेटून पुढच्या वर्षीबद्दल बोला.
- वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी वहीत मांडा.

त्या पहिल्या साथीदाराला छापील फोटो द्यायला स्वतः जा, कुरिअर करू नका. तो बघताना त्याच्या घरच्यांचे चेहरे बघा. तुमच्या कामाची खरी किंमत तिथे कळेल, आणि दुसऱ्या ऑर्डरचं नावही बहुतेक तिथेच मिळेल.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत.